दोन बोटं माया

मंगळवार, ५ मार्च, दुपारी

प्रिय लिंबू,

तुझे बाबा शोरूमचं काचेचं दार ढकलून आत आले, गळ्यातली टेप काढली आणि कुणाला काही न विचारता सगळ्यात मोठ्या गाडीच्या तिसऱ्या रांगेचं माप घेऊ लागले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी बरा होतो. म्हणजे बरा आहे असं सांगत होतो.

मॅनेजर माझ्या कानाशी कुजबुजला, हा माणूस गाडी घ्यायला आलाय की गाडीला कोट शिवायला?  मी त्यांना कधीच ओळखलं होतं. तुमच्या दुकानासमोर तुझी वाट बघत मी इतक्या वेळा उभा राहिलोय की त्यांची वाकलेली पाठ, नाकावर घसरलेला चष्मा, कानामागचा खडू, सगळं मला पाठ आहे. ते मात्र मला ओळखत नाहीत. तू घरी माझं नाव कधी सांगितलं नाहीस आणि त्या दिवशी फोनवर मीही सांगितलं नव्हतं. आवाज तेवढा सगळा दिला होता.

तो फोन. चौदा महिने झाले. मी काय बोललो ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते अजून एकदाही कबूल केलेलं नाही. मी म्हणालो होतो, "ऐकून ठेवा, लोकांचे कपडे बेतता तसं मुलीचं आयुष्य बेतू नका." त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की ती घरी नाही. आणि तू खरंच घरी नव्हतीस.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी परीक्षेचा पेपर फाडून कॉलेज सोडलं होतं. सरांना कॉपीचा संशय आला होता, मी कॉपी केली नव्हती. पाच मिनिटं थांबलो असतो तर ते सरांनाही कळलं असतं. तू म्हणालीस परत जा, मी म्हणालो मेलो तरी नाही. मग तू पुढे शिकायला लांब निघून गेलीस आणि माझी तिन्ही पत्रं न फोडता परत आली. शेवटच्या पाकिटावर तुझं अक्षर होतं: 'शांत झाल्यावर पाठव.' म्हणून हे पोस्टात टाकत नाही. टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मच्या पाठीवर लिहितोय आणि टेबलाच्या खणात ठेवणार आहे. मी शांत आहे. (वर कागद फाटलाय तो पेनाच्या टोकाने. पेन खराब आहे.)

तर पंचाईत अशी, की बाबांना मोठी गाडी घ्यायची आहे आणि ती दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांनी माझा आवाज ओळखला तर ते उठून जातील, आणि तुझ्यापर्यंत जाणारी उरलीसुरली पायवाटही गेली. म्हणून आज मी इतका हळू बोललो की त्यांनी दोनदा विचारलं, "घसा बसलाय का तुमचा?"

मोठी गाडी कशाला, तर म्हणाले, आम्ही कुठेही निघालो की एक जण घरी राहतो. बहुतेक वेळा आईच राहते आणि वर म्हणते, मी घरीच बरी. तुला पोचवायला निघाले तेव्हा आजी राहिली होती. जाळीच्या दारामागे उभी राहून तिने हात हलवला, तो बाबांच्या डोळ्यांसमोरून जात नाही म्हणे. "गाडी फिरायला नकोय," ते म्हणाले. "कुणी मागे राहू नये म्हणून हवीय."

मग खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. घरातल्या प्रत्येकाचं माप. बसल्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत किती, डोकं सीटच्या किती वर, आजीचा पाय जमिनीपासून किती उचलतो. लिंबू, इतकी गिऱ्हाइकं पाहिली. रंग विचारतात, छप्पर उघडतं का विचारतात, शेजाऱ्याने कोणती घेतली ते आडून आडून सांगतात. आजीचा पाय किती उचलतो हे लिहून आणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

सातव्या ओळीत तू होतीस. साडेएकवीस इंच. पुढे लिहिलं होतं: 'वाचते. उजेड हवा.'

चौदा महिन्यांत तुझ्याविषयी कळलेली ही पहिली गोष्ट. मी हातातल्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत बसलो, तेव्हा बाबा म्हणाले, अक्षर लागत नाही का? मी म्हणालो, लागतंय. अजून लागतंय.

तुझा,
भडकू


शनिवार, ९ मार्च, जेवणाच्या सुट्टीत

लिंबू,

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली. चिठ्ठीत आठवी ओळही होती. नुसता आकडा आठ आणि पुढे रेघ. नाव नाही, माप नाही.

त्या रेघेने माझी झोप उडवली. तीन दिवस मी स्वतःला समजावत होतो की पाहुणा असेल, सामान असेल. आज सगळं घर टेस्ट ड्राइव्हला आलं, तेव्हा राहवलं नाही. दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, आठवे कोण? तुझा दादा हसला आणि म्हणाला, "जावई. तो अजून शिवायचाय."

वहिनीने त्याला कोपर मारलं. मी हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले.

म्हणजे ठरलंय तर. कोण आहे? माझ्यासारखा पेपर फाडणारा नसणार. गुडघ्यांचं माप वेळेवर पाठवणारा असेल. (हे खोडणार होतो. राहू दे. तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू.)

तर गाडीत सगळे बसले. मी चालवत होतो, बाबा शेजारी, मधे आई आणि आजी, मागे दादा, वहिनी आणि तुझा भाचा. आजीला चढवताना दादाचा आणि माझा घाम निघाला. चिठ्ठीत तिचा पाय अकरा इंच उचलतो आणि गाडीची पायरी अठरावर. ती मधल्या मधे थांबून म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की माळा?" वर चढल्यावर मात्र खूश झाली. इथून लोकांची टकलं दिसतात म्हणे. भाचा छपराच्या उघड्या काचेतून डोकं बाहेर काढून एकेक टक्कल मोजू लागला. आईला गाडी लागते म्हणून ती खिडकीला नाक लावून बसली होती आणि दर वळणावर म्हणत होती, मला काही होत नाहीये, तुम्ही माझ्याकडे बघू नका. मागून दादा ओरडला, इथे गुडघे माझ्या हनुवटीला लागलेत, मी तुमच्याकडे बघूच शकत नाही.

इतकं हसत होते सगळे. मला वाटलं हा रस्ता संपूच नये. वाटलं, यांच्यात तू एकटीच नाहीस आणि मी आहे, हे किती उलटं आहे.

आणि तेवढ्यात डाव्या बाजूने एक टेम्पोवाला घुसला. न बघता. ब्रेक मारला तेव्हा आजीचं डोकं समोरच्या सीटवर आपटता आपटता राहिलं. मी काच खाली केली आणि सबंध घसा मोकळा केला. "ऐकून ठेवा, डोळे डिकीत ठेवून गाडी चालवायची नाही!"

ऐकून ठेवा. मला राग आला की माझं प्रत्येक वाक्य असंच सुरू होतं. तू मला हजार वेळा चिडवलंस त्यावरून.

काच वर केली. गाडीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आजी तर म्हणाली, बरा झापलास. पण बाबा हातातली टेप बोटाला गुंडाळत होते, ते थांबले. अर्धी गुंडाळलेली टेप तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शोरूमला परत येईपर्यंत ते समोरच्या काचेतून बघत राहिले आणि उतरताना फक्त म्हणाले, "घसा सुटला तुमचा."

आता ते येणार नाहीत. गाडी गेली, तूही गेलीस. मॅनेजर विचारतोय, गिऱ्हाईक पटलं का? मी सांगितलं, पूर्ण पटलं.

भ.


मंगळवार, १२ मार्च

लिंबू,

आले. एकटेच आले.

मी दोन दिवस माफीची वाक्यं तयार करत होतो. ते समोर बसले आणि सगळी वाक्यं पळाली. मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "बस." आजवर तुम्ही म्हणत होते, आज बस म्हणाले. मी बसलो.

चहा आला, तो त्यांनी फुंकून फुंकून संपवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "वाक्य छान बेतलं होतंस. शिवलंस मात्र भलत्याच्या अंगावर."

मी म्हणालो, माझं चुकलं. एवढंच.  चौदा महिने मी मनात त्यांच्याशी भांडलो, प्रत्येक वेळी जिंकलो, आणि प्रत्यक्षात दोन शब्दांवर माझा खेळ आटोपला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, राग मला ओळखीचा आहे. ते म्हणाले, त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय चार इंच आखूड कापला. तीस वर्षांत पहिल्यांदा. का, तर दिवसभर विचार करत होते की आपण खरंच मुलीचं बेततो की काय. संध्याकाळी तुला विचारलं. तू म्हणालीस, नाही बाबा, तुम्ही नाही. पुढे काही म्हणाली नाहीस म्हणे. मी त्या 'तुम्ही नाही'वर आत्तापर्यंत विचार करतोय.

कॉलेज का सोडलंस, विचारलं. सांगितलं सगळं, पाच मिनिटांसकट. त्यांनी विचारलं, तो पेपर येत होता का? मी म्हणालो, सगळा येत होता. ते इतक्या मनापासून हळहळले, जणू चांगलं कापड मी पाण्यात बुडवलं.

मग मीच धीर करून आठव्या ओळीचं विचारलं. कोण आहे तो, एवढं कळलं तर बरं होईल, असं म्हणालो.  ते गोंधळले. मग त्यांना उमगलं आणि ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही उलटी केली आणि आतल्या शिवणीत दुमडून ठेवलेलं कापड दाखवलं.

"याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

मी म्हणालो, जादा कापड.

"माया. शिवणीत दोन बोटं माया सोडायची असते. माणूस उद्या जाड होतो, मूल वाढतं. ज्या शिंप्याने माया ठेवली नाही, त्याचे कपडे एक वर्षात टाकून देतात." मग बाही सरळ करत म्हणाले, "आठवी जागा ती आहे. कुणी ठरलेलं नाही. तिने आणलं कुणाला तर बसेल. नाही आणलं तर पिशव्या ठेवू."

लिंबू, मी त्यांना गाडी दाखवायला न्यायचं सोडून तिथेच बसून राहिलो. पिशव्या! तीन रात्री मी ज्याच्यावर जळलो तो माणूस एक पिशवी निघाला.

जाताना ते गाडीच्या तिसऱ्या रांगेत वाकून बघत होते. मला म्हणाले, जरा बस इथे. बसलो. त्यांनी कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली, आकडा पाहिला. चिठ्ठीत लिहिला नाही. "उंच माणूस मावतो का एवढंच बघत होतो," ते म्हणाले. "मनात काही आणू नकोस."

मी आणलं नाही. (आणलं.)

भडकू


शनिवार, १६ मार्च

लिंबू,

आज सौदा झाला, आणि मॅनेजर माझ्याशी बोलत नाहीये.

त्याला टॉप मॉडेल विकायचं होतं. तेच ज्यात गेल्या शनिवारी दादाची हनुवटी गुडघ्याला लागली. दिसायला देखणं, मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, हात ठेवायला मऊ दांड्या, छपराला काच. मॅनेजर स्वतः आला, बाबांना त्या खुर्चीत बसवलं, पाठ मागे सरकवून दिली. बाबांचे डोळे मिटले बिचाऱ्यांचे. दिवसभर शिलाई मशीनवर वाकणारा माणूस, त्याला अशी खुर्ची म्हणजे मोहच. मग डोळे न उघडता त्यांनी मला विचारलं, "तुझं घर असतं तर कोणती घेतली असतीस?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. एरवी मी अशा वेळी एक तर घाबरून खोटं बोललो असतो, नाही तर खरं इतक्या मोठ्याने बोललो असतो की खरंही खोटं वाटलं असतं. आज दोन्ही केलं नाही. सांगितलं, ही नसती घेतली. हिच्यात मधे दोघंच बसतात, एकूण सातच जागा. मागच्या रांगेची जमीन उंच आहे, म्हणून गुडघे वर येतात. तिथे मोठं माणूस तासाभराच्या वर बसू शकत नाही, आणि मग आळीपाळीने कुणीतरी म्हणायला लागतं, मी घरीच बरा. त्या पलीकडची, दिसायला ठोकळा, तिच्यात मधे सलग बाक आहे. बाक तीन इंच पुढे सरकतो आणि मागच्याला पाय मिळतात. छप्पर उघडत नाही. पायरी हिचीही उंच आहे, पण खाली एक जादा पायरी बसवून घेता येते, बरोबर साडेदहा इंचांवर.

"आजीला अर्धा इंच माया," बाबा डोळे उघडून म्हणाले.

ठोकळा घेतला. पांढरा. भाचा छपराच्या काचेसाठी रडला. मग मी त्याला सांगितलं की सगळ्यात मागच्या खिडकीतून टकलं मागून दिसतात, आणि मागून ती जास्त चमकतात. तो विचारात पडला.

सगळे गेल्यावर मॅनेजर बरंच बोलला. मला विक्रेता म्हणून ठेवलंय, नातेवाईक म्हणून नाही, असं म्हणाला. ऐकून ठेवा हे शब्द दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले आणि म्हणालो, गाडी तर विकली ना साहेब. चव वाईट असते गं गिळलेल्या शब्दांची. तू हे इतकी वर्षं माझ्यासाठी करत होतीस, आज कळलं.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या जागेवरचा छोटा दिवा मंद होता. बदलून घेतलाय.

भडकू


रविवार, २४ मार्च, सकाळी अकरा

लिंबू,

हे घाईत लिहितोय, त्याच गाडीत बसून. तुझ्या घरचे आत चहा घेताहेत, किल्ली द्यायचा फोटो काढताहेत. आजी म्हणतेय फोटोत तिचे पाय दिसले पाहिजेत, नवी पायरी तिने एकटीने चढली म्हणून.

तू आज येते आहेस. दीडच्या बसने. मला बुधवारीच कळलं. बाबांचा फोन आला की दादाला एवढी लांब गाडी वळवायची सवय नाही, तर तिला आणायला तूच चालव, सगळे मिळून जाऊ. त्यांच्या बोलण्यात इतका खोडकरपणा होता की मला मान्य करायला एक श्वासही लागला नाही. चार दिवस मी हवेत होतो. नवा शर्ट घेतला. बाबांनी तो दुकानात बोलावून खांद्यात बेताचा करून दिला आणि वहिनीने दुरून बघून मान डोलावली. पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी आरशात म्हणून पाहिलं. सतरा वाक्यं झाली. एकाचीही सुरुवात ऐकून ठेवा अशी नव्हती.

आणि आत्ता, तासाभरापूर्वी, आजीला मधल्या बाकावर बसवून पट्टा लावत होतो, तेव्हा तिने सहज विचारलं, "तिला सांगितलंय ना रे, तू येणारेस म्हणून?"

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "गंमत आहे. नाही सांगितलं."

आजी म्हणाली, "गंमत कुणाची?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, आणि आम्ही दोघंही चोरी पकडल्यासारखे झालो.

कारण बघ ना. तू पाच तास बसमध्ये बसून येशील. केस विस्कटलेले, पाठ आखडलेली, घरच्यांना बघून जरा मोकळी होशील. आणि समोर मी, तुमच्याच गाडीच्या स्टिअरिंगवर, बाबांनी बेतलेल्या शर्टात. आई बघत असेल, आजी बघत असेल, दादा फोन काढून फोटो घेत असेल. तू काय करशील? हसशील. तुझा स्वभावच तसा, कुणाचा पाणउतारा होऊ देत नाहीस. हसून गाडीत बसशील. तुला नाही म्हणायला तिथे जागाच उरणार नाही. आठ माणसांच्या गाडीत नेमकी तेवढी एक जागा नसेल.

तू बाबांना म्हणाली होतीस, तुम्ही नाही. मग कोण, ते मला आता कळलं. फोन करणारा मी, न विचारता पत्रं पाठवणारा मी, आणि आज स्टिअरिंगवर बसून वाट बघणाराही मीच.

मी बाबांना सांगितलं, मी येत नाही. त्यांना वाटलं मला राग आला. मी म्हणालो, नाही, आज खरंच नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथली शिवण अंगठ्याने नीट केली, जी नीटच होती.

मग दादाला घेऊन मी पटांगणात पंधरा फेऱ्या मारल्या. मागे घे, वळव, आरशात बघ, आता तुझी आई आहे मागे असं समज. शेवटच्या तीन फेऱ्यांत तो माझ्यापेक्षा बरी चालवत होता. उतरताना म्हणाला, "अरे, तू येत नाहीस म्हटल्यावर आता आठव्या जागेवर पिशव्याच ठेवायच्या का?" बाबांनी सांगितलं असणार. मी त्याला म्हटलं, पिशव्या तिच्या असतील, तिलाच विचारा कुठे ठेवायच्या.

ही सगळी पत्रं एका पाकिटात घालतोय. आईला सांगितलंय की तू घरी पोचल्यावरच तुला द्यायचं, बसस्टँडवर नाही, गाडीत नाही. वाचायचं की न फोडता परत द्यायचं, ते तुझं. परत आलं तर यावेळी मी दिवसभर शोरूमच्या पत्त्यावर नसेन. सोमवारपासून दुपारी इथे, सकाळी कॉलेजात. सरांना भेटलो. माफीही मागितली. ते म्हणाले, त्या दिवशी मीही पाच मिनिटं थांबायला हवं होतं. त्या पाच मिनिटांत आम्ही दोघं चौदा महिने बसून राहिलो.

मला तू हवी आहेस. हे कधी नीट लिहिलंच नाही, नुसतं ओरडत राहिलो. हवी आहेस. पण तू ठरवून आलीस तरच, आणि तुझ्या पायांनी चढून.

आई आली. बघ, गाडीपाशी उभी राहून पदराने आरसा पुसतेय, जणू तुझाच चेहरा त्यात दिसणार आहे. पाकीट तिच्या हातात देतो. दादा किल्ली घेऊन येतोय, भाचा आधीच मागच्या खिडकीला चिकटलाय. मी उतरतो.

गाडीचं दार जड आहे. आपटायचं नसतं. हलकेच लोटलं की बसतं. लावतो.

तुझा,
भडकू